संगीन आणि जंगल

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. वसंत ऋतूतील या सायंकाळी संतांवर बोलावे, नाटकांवर बोलावे, फार तर शेतीवर बोलावे; संगीन कोठून आली? आली ती एका शाळकरी मुलाच्या प्रश्नातून. प्रजासत्ताकदिनाचे संचलन पाहून आम्ही घराकडे परतत होतो. शेजारचा मुलगा बरोबर होता. मानवंदना देणाऱ्या तुकडीच्या बंदुकांवर उन्हात चकाकणारी पाती त्याने पाहिली होती. त्याने सरळ विचारले, "बंदुकीतून गोळी सुटते, मग तिच्या तोंडाला सुरी कशाला लावायची?" आम्ही काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले, पण त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. मग पुस्तके उघडली. तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या सेनापतींनाही पडलेला आहे. आणि त्याच्या उत्तराचा काही भाग आपल्या चांद्याच्या कोटापाशी, चिमूरच्या रस्त्यावर आणि गडचिरोलीच्या बांबूच्या रानात सापडतो.

प्रथम संगीन म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपात पायदळात दोन प्रकारचे शिपाई असत: एक बंदूकवाले, दुसरे लांब भालेवाले. त्या काळची बंदूक एकदा उडवली की पुन्हा भरायला वेळ लागे. दारू ओता, गोळी घाला, गज मारा, काना भरा. कसलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. तेवढ्यात शत्रूचे घोडेस्वार अंगावर आले तर बंदूकवाल्याच्या हातात केवळ एक लाकडी दांडा उरे. त्याचे रक्षण करायला भालेवाला लागे. मग कोणाला तरी सुचले की बंदुकीलाच भाला का करू नये? फ्रान्समधील बायोन गावाच्या नावावरून तिचे युरोपीय नाव पडले, असे सांगतात. आरंभीची संगीन बंदुकीच्या नळीत बुचासारखी खुपसावी लागे. भाला झाला खरा. पण बंदूक बंद पडली! सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच दुर्गशास्त्रज्ञ व्होबां याच्या पुरस्काराने नळीच्या बाहेरून कड्याने बसणारी संगीन प्रचारात आली. आता पाते लावूनही गोळी झाडता येऊ लागली. त्या नळीच्या तोंडाशी संगीन अडकवण्यासाठी जी खुंटी असते, तीच आमच्या आजच्या विषयाची नायिका. दिसायला नखाएवढी, पण तिने भालेवाल्यांची जातच्या जात लष्करातून नाहीशी केली.

आपल्याकडे हे शस्त्र कवायती पायदळाबरोबर आले. पानिपतावर 1761 साली इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी होत्या, हे आपण शाळेत शिकलोच. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन् नावाच्या सेनानीकडून युरोपीय पद्धतीचे कंपू उभारले. म्हणजे संगीन ही केवळ इंग्रजांची मिरास होती, हा समज चुकीचा आहे. 1803 साली 23 सप्टेंबरला असईच्या मैदानावर दोन्ही बाजूंना कवायती पायदळ होते. पराभव झाला तो शस्त्र नव्हते म्हणून नव्हे. शस्त्र आले होते. पण त्या शस्त्रामागे जी एकजूट, जो एकछत्री हुकूम आणि जो वेळेवर मिळणारा पगार लागतो, तो पुरता आला नव्हता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरकर भोसल्यांचा गाविलगड पडला. तिथे किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामास आला.

पंधरा वर्षांनी आपल्या चांद्याची पाळी आली. 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीवर लढाई झाली, नागपूरचे राज्य डळमळले. दुसरे बाजीराव पेशवे चांद्याच्या रोखाने येत असता 17 एप्रिल 1818 रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे ले. कर्नल अॅडम्सने त्यांना गाठून पिटाळले. मग हाच अॅडम्स चांद्यावर आला. गोंड राजांनी बांधलेला हा कोट, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर अशा चार दरवाजांचा, अजूनही आपल्या शहराला कवेत घेऊन उभा आहे. किल्लेदार गंगासिंग शरण गेला नाही. तोफांनी तटाला खिंडार पाडले, आणि मे महिन्याच्या त्या उन्हाळ्यात फौज खिंडारातून आत घुसली. गंगासिंग पडला.

खिंडार चढणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. पायाखाली ढासळलेले दगड, डोळ्यांत धूळ, समोर हातभर अंतरावर शत्रू. तिथे दारू ओतून गज मारायला कोणाला सवड? अशा ठिकाणी पहिल्या बारानंतर जे चालते ते पातेच. संगिनीचा खरा काळ तो होता. बंदूक शंभर यार्डांपलीकडे नेमकी लागत नव्हती, भरायला उशीर लागत होता, आणि लढाईचा निकाल शेवटच्या पन्नास पावलांत लागत होता. ज्या कारणांनी संगीन जन्मली, ती कारणे चांद्याच्या खिंडारात जशीच्या तशी हजर होती. म्हणून आमचे म्हणणे असे की, एखादे शस्त्र आज हवे की नको हे ठरवताना ते कोणत्या उणिवेपोटी जन्मले हे आधी पाहावे. उणीव संपली की शस्त्रही हळूहळू शोभेचे होते.

ती उणीव एकोणिसाव्या शतकात झपाट्याने भरून निघाली. नळीत आट्या आल्या, गोळी दूरवर नेमकी जाऊ लागली. पाठीमागून भरण्याची सोय झाली, मग काडतुसांची पेटी आली, शेवटी मशीनगन आली. अमेरिकेतील यादवी युद्धात, म्हणजे 1861 ते 1865 या काळात, उत्तरेच्या लष्करी वैद्यांनी जखमांची मोजदाद ठेवली. सुमारे अडीच लाख जखमांत संगीन आणि तलवार मिळून झालेल्या जखमा एक हजारसुद्धा भरल्या नाहीत. म्हणजे शेकडा अर्धीही नाही! ज्या शस्त्राच्या कवायतीत शिपायाचे दिवसच्या दिवस जात, त्याने प्रत्यक्षात इतकी थोडी माणसे जखमी केली. यावर संगिनीचे कैवारी एक उत्तर देतात, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, संगीन टोचण्यापूर्वीच काम करते. चमकणारी रांग अंगावर येताना पाहून माणूस पळतो. पळालेल्या माणसाची जखम वैद्याच्या वहीत कशी सापडेल?

म्हणजे संगिनीचे खरे काम भय घालण्याचे. हे एकदा मान्य केले की आपल्या दोन जिल्ह्यांचा इतिहास अधिक स्पष्ट दिसू लागतो. कारण भय मैदानात जेवढे चालते, तेवढे जंगलात चालत नाही.

1854 साली नागपूरचे राज्य खालसा झाले, चांदा इंग्रजांकडे गेला. चार वर्षांनी मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके आणि अडपल्लीचे व्यंकटराव यांनी गोंड-माडिया लोकांची फौज उभारली. कॅप्टन क्रिक्टन हा तेव्हा जिल्ह्याचा अधिकारी. त्याच्या शिपायांजवळ सरकारी बंदुका आणि संगिनी होत्या. बाबुरावांच्या माणसांजवळ तोड्याच्या बंदुका, भाले, धनुष्ये. मैदानी हिशेबाने हा सामना चार दिवसांत संपायला हवा होता. संपला नाही, महिनोन्‌महिने चालला. कारण संगिनीला समोर रांग लागते, आणि रान रांग धरत नाही. सागाच्या खोडामागे, नाल्याच्या काठी, बांबूच्या बेटात दडलेल्या माणसावर चाल करून जायचे तरी कोठे? अखेर बाबुराव हाती लागले ते संगिनीच्या बळावर नव्हे. इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला, त्यांच्याकरवी बाबुरावांना पकडले आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात फासावर चढवले. तुरुंगाच्या आवारातील त्या पिंपळापाशी आजही लोक दरवर्षी जमतात. कोट संगिनीने घेतला. जंगल घ्यायला मात्र फितुरी लागली. हा फरक आपण विसरू नये.

संगिनीचे दुसरे रूप चिमूरने पाहिले. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमीचा दिवस. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी भारलेले ते गाव रस्त्यावर आले. मिरवणुकीवर गोळीबार झाला, जमाव खवळला, आणि सरकारी अधिकारी व पोलीस मिळून काही माणसे मारली गेली. ती हत्याही हत्याच होती. स्वातंत्र्याच्या नावाने तिच्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण त्यानंतर गोरे सैनिक गावात उतरले, पुरुषांची धरपकड झाली, घरात उरल्या त्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे. आणि त्यांच्यावर जे अत्याचार झाले त्यांनी सारा देश हादरला. त्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भणसाळी यांनी साठ दिवसांहून अधिक उपवास केला. वृत्तपत्रांवर बंदी होती, तरी ती वार्ता देशभर पोचली. इथे शत्रूची रांग नव्हती, खिंडार नव्हते, घोडदळ नव्हते. दाराशी उभा असलेला सशस्त्र शिपाई आणि दाराआडची माणसे, एवढेच होते. संगिनीचे युद्धातले काम संपत आले असतानाही ती बंदुकीवर का टिकली, याचे एक कडवट उत्तर इथे मिळते. गोळी झाडली तर हिशेब द्यावा लागतो. पाते नुसते दाखवले तर कोणी हिशेब विचारत नाही. पण भणसाळींचा उपवास असे सांगतो की, भयालाही एक मर्यादा असते. अन्न सोडून बसलेल्या माणसाला संगीन काय भिववणार?

इथवर ऐकून कोणी म्हणेल, तुम्ही एकच बाजू मांडता. तर दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडतो. 1948 साली ऑक्टोबरात काश्मिरात तिथवाल येथे लान्स नायक करमसिंग यांनी खंदकावर चढून आलेल्या दोन शत्रूंना संगिनीने लोळवले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. 18 नोव्हेंबर 1962 रोजी रेझांग ला येथे तेराव्या कुमाऊँचे जवान दारूगोळा संपल्यावरही खिंड सोडून हटले नाहीत. हातघाईवर झुंजले आणि तेथेच पडले. 1982 साली फॉकलंड बेटांवर टम्बलडाउनच्या डोंगरावर, आणि 2004 साली इराकात, ब्रिटिश शिपायांनी संगिनी लावून चाल केली. ही काही आजोबांच्या काळातली उदाहरणे नव्हेत. आणि 15 जून 2020 ची गलवानची रात्र तर आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. सीमेवर गोळी चालवायची नाही असा करार होता. तरी त्या थंडीत दगडांनी, खिळे ठोकलेल्या दांडक्यांनी झुंज झाली आणि आपले वीस जवान गेले. अणुबाँबच्या युगात दोन बलाढ्य राष्ट्रांची माणसे हातभर अंतरावरून लढली! तेव्हा हातघाईचे दिवस संपले, असे म्हणणाऱ्याने जरा जपून बोलावे.

पण हातघाई उरली म्हणजे संगीनच उरली, असे होत नाही. याचे उत्तम उदाहरण आपल्याच मराठी मातीतले आहे. रायगड जिल्ह्यातील माणगावच्या परिसरातला यशवंत घाडगे हा मराठा पलटणीचा तरुण नाईक. 10 जुलै 1944 रोजी इटलीत त्याच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि त्याच्याखेरीज तुकडीतील सारे मारले गेले किंवा जखमी झाले. तो एकटा धावला. हातबाँबने त्याने मशीनगन बंद पाडली, आपल्या टॉमीगनने एकाला टिपले. पुढे काडतुसांची पेटी बदलायला क्षणाचीही सवड नव्हती. तेव्हा त्याने तीच बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. लगेच आडून सुटलेल्या गोळ्यांनी तोही पडला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. त्याच्या हातात जे होते तेच शस्त्र झाले. टॉमीगनला संगीन नव्हती म्हणून घाडगे थांबला नाही. तसेच 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी नुसत्या हातांनी धरून ठेवली. हातघाईत निकाल लावते ती छाती. पाते मागाहून येते. संगिनीच्या कवायतीचे समर्थन करणारे लष्करी शिक्षक तरी दुसरे काय म्हणतात? त्यांचेही म्हणणे हेच की, या कवायतीने पाते चालवण्यापेक्षा पुढे पाऊल टाकण्याची सवय लागते. हे आम्हांला मान्य आहे. मात्र ती सवय लावण्याचा दुसरा मार्ग मिळाला तर संगिनीचा हट्ट कशाला? अमेरिकेच्या लष्कराने 2010 साली नव्या शिपायांच्या प्राथमिक शिक्षणातून संगिनीची चाल वगळली. त्यांनी शेवटची मोठी चाल केली होती ती 1951 साली, कोरियात.

आता पुन्हा आपल्या रानात येऊ. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात लांब बंदूक वेलींत आणि बांबूत अडकते, हे ध्यानात आले. तेव्हा इंग्रजांनी ली-एनफिल्डची नळी आखूड करून 1944 मध्ये एक हलकी जंगली बंदूक काढली. गंमत अशी की तिलाही संगिनीची खुंटी ठेवली; पण पाते मात्र सुरीसारखे रुंद केले, म्हणजे काढून हातात घेतले तर दोर कापता यावा, फांदी तोडता यावी. पुढे रशियनांनी कलाश्निकोव्हची संगीन अशी घडवली की ती आपल्याच म्यानाला जोडली असता काटेरी तार कापते. पाहा, भाल्याची सुरी झाली, सुरीचे अवजार झाले. आज जगातल्या पुष्कळ लष्करी बंदुकांवर ही खुंटी आहे ती या अवजाराच्या पुण्याईवर, जुन्या सवयीच्या बळावर आणि संचलनातल्या शोभेसाठी. ती ठेवायला ना फार वजन लागते, ना फार पैसा. मग काढायची तरी कशाला, असा साधा व्यवहारी विचार त्यामागे आहे, आणि त्यात आम्हांला वावगे काही दिसत नाही.

मात्र गडचिरोलीच्या जंगलात गेली चार दशके जो संघर्ष चालला, त्याचा निकाल या खुंटीने लावला, असे कोणी म्हणणार नाही. 1980 च्या सुमारास गोदावरी-प्राणहिता ओलांडून नक्षलवादी इकडे आले. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला. 2009 या एकाच वर्षात मरकेगाव आणि लाहेरी येथे पोलिसांच्या तुकड्या घेरून मारल्या गेल्या. 1 मे 2019 रोजी, महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याजवळ रस्त्यात पेरलेल्या स्फोटकाने पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक यांचे प्राण घेतले. ज्याने तो स्फोट घडवला तो त्यांना दिसलाही नाही. अशा शत्रूवर संगीन कोठे रोखावी?

उपाय सापडला तो पात्यात नव्हे, माणसांत. 1990 साली साठ जवानांची एक तुकडी उभी राहिली; आज तिला सारे सी-साठ म्हणून ओळखतात. तिचे बळ कशात होते? ही पोरे याच मातीतली, गोंडी-माडिया बोलणारी, कोणत्या नाल्याला कधी पाणी येते आणि कोणत्या पायवाटेने मोह वेचायला बायका जातात हे जाणणारी. क्रिक्टनच्या शिपायांना जे रान परके होते, ते या पोरांना अंगणासारखे होते. 2025 च्या ऑक्टोबरात माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने सुमारे साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. शस्त्राने शस्त्र थकले हे खरे. पण त्यामागे रस्ते, पूल, शाळा, आणि रक्तपाताला कंटाळलेली गावेही होती. हा हिशेब करताना दोन्हीकडून मेलेली माणसे बहुतेक गरिबाघरची, आणि पुष्कळदा एकच भाषा बोलणारी होती, हेही विसरता येत नाही.

तर त्या शाळकरी मुलाला आता काय उत्तर द्यावे? आम्ही त्याला असे सांगू: बाळा, ही सुरी लावली ती बंदूक दुबळी होती म्हणून. बंदूक सबळ झाली, सुरीचे काम सरले. आता ती शिपायाच्या कमरेला अवजार म्हणून राहते, संचलनात आठवण म्हणून चमकते, आणि क्वचित एखाद्या खंदकात, सर्व काही संपल्यावर, शेवटचा उपाय म्हणून निघते. तेवढ्यापुरती ती खुंटी राहू द्यावी. पण ज्या दिवशी कोणी ते पाते खंदकाकडून वळवून आपल्याच गावाच्या दाराशी रोखील, त्या दिवशी चिमूर आठवावे. आणि कोणी म्हणेल की रान पात्याने जिंकता येते, तर त्याला तुरुंगातल्या पिंपळापाशी नेऊन उभे करावे.

आपल्या भद्रावतीच्या कारखान्यात आजही लष्करासाठी दारूगोळा तयार होतो. तो तयार होवो, देशाला त्याची गरज आहे. पण तेथून फार दूर नाही अशा एखाद्या वाटेवर खांद्यावर कुऱ्हाड टाकून निघालेला आदिवासी आपल्याला रोज भेटतो. तीही पातेच आहे, लाकडी दांड्याला बसवलेले. तिला पाहून आपण दचकत नाही. कारण ती कशासाठी निघाली आहे हे आपल्याला ठाऊक असते. शस्त्र आणि अवजार यांत अंतर आहे ते एवढेच. बंदुकीच्या तोंडची ती खुंटी काढायची की ठेवायची, हे लष्कराने ठरवावे. पाते कोणाकडे रोखले जाते, हे पाहण्याचे काम मात्र तुमचे-आमचे आहे.